घरी माणूस हवाय : सरकारी मदत नक्की कुठपर्यंत येते?

शेवंती :
धागा काढायला निमित्त परवाच्या रात्रीचं. सासूबाईंची (वय ८१) कूस बदलायला दोन वाजता उठले आणि त्यांना वळवताना पाठीत अशी उसण भरली की मी तिथेच फरशीवर बसले. नवरा नाशिकला. त्या पलंगावर, मी खाली, दोघींनाही हलता येईना. पाचेक मिनिटांनी वरून आवाज आला, "आता आपल्या दोघींना कोण उचलणार गं?" तेव्हा दोघी हसलो. सकाळी मला काही हसू आलं नाही.

गेल्या दिवाळीत त्यांना झटका आला, डावी बाजू गेली. बोलणं जरा जड, डोकं शाबूत. हॉस्पिटलातले अकरा दिवस मेडिक्लेममध्ये बसले, त्यानंतरचे सात महिने कशातच बसत नाहीत. ब्युरोची बारा तासांची मावशी महिना १९ हजार. डायपर, पॅड, मलम असं पाचेक हजार. फिजिओ आठवड्यातून तीनदा, एका खेपेचे ५००. सासूबाईंचं फॅमिली पेन्शन १४ हजार, ते एक तारखेला येतं आणि दोन तारखेला पाच हजारांची भर घालून मावशीकडे जातं. मी घरी क्लास घ्यायचे ते बंद केलेत. रात्रपाळी माझी.

सत्तरीपुढच्यांचं ते आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. ५ लाखांचं कवच वगैरे. योजनेतल्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारलं, घरी नर्स किंवा आया यात मिळते का? तो मुलगा बिचारा नम्र होता. म्हणाला, "मॅडम, पेशंट ॲडमिट असेल तरच."

माझी जाऊ कॅलिफोर्नियात असते. तिच्या आईला तिथं सरकारकडून तासांच्या हिशेबाने माणूस मिळतो, आणि तो माणूस म्हणजे जावेची सख्खी बहीण! आईचं करायचे तिला पैसे मिळतात. आपल्याकडे असं काही, निम्मं, पाव तरी आहे का? पुण्यात कोणी मिळवलंय का? ऐकीव नको, स्वतः केलेलं सांगा.

अर्धा_चहा :
वाचतोय. बाबांचं पार्किन्सन वाढतंय, आज ना उद्या आमच्याकडेही हेच.

नाझर_निवृत्त :
शेवंतीताई, महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली ६ संजय गांधी योजनेच्या टेबलावर. म्हणून आधी कडू सांगतो: महाराष्ट्रात घरी माणूस पाठवणारी किंवा त्याचा पगार देणारी सर्वांसाठीची सरकारी योजना नाही. जे आहे ते सुटं सुटं आहे.

श्रावणबाळ योजना: ६५ वर्षांपुढे, दरमहा १५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. वार्षिक हं, महिन्याचं नाही. म्हणजे महिना १७५०. तुमच्या मावशींचं घरही या अटीत बसणार नाही. माझ्या टेबलावर तलाठ्याचा २१ हजारांचा दाखला आला की मी तो खरा मानून पुढे पाठवायचो, कारण तो खोटा मानला असता तर योजना बंदच पडली असती.

दिव्यांगांना संजय गांधी निराधारमध्ये उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे आणि २०२५ च्या निर्णयाने रक्कम १५०० ची २५०० झाली. मुख्यमंत्री वयोश्री: ६५ पुढे, उत्पन्न २ लाखांच्या आत, एकदाच ३ हजार रुपये खात्यात. काठी, चष्मा, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा यासाठी.

थोडक्यात, काठीला पैसे आहेत, हाताला नाहीत. पण कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४, पोटकलम ३ मध्ये यादी आहे आणि त्यात 'जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता' असं स्पष्ट लिहिलंय. मात्र त्याच कलमाच्या सुरुवातीला सरकारने आपल्या 'आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत' योजना कराव्यात असंही लिहिलंय. या पाच शब्दांच्या फटीतून अख्खा भत्ता निसटतो.

सासूबाईंचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंत का?

शेवंती :
नाही काका. त्या अपंग आहेत असं आमच्या डोक्यातच नव्हतं. आजारी आहेत, म्हाताऱ्या आहेत, एवढंच.

नाझर_निवृत्त :
निम्म्या घरांत हेच होतं. अर्धांगवायूने कायमचं अपंगत्व आलं तर प्रमाणपत्र मिळतं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ७९ पिवळं, ८० च्या पुढे निळं. अर्ज ऑनलाइन करा, मग तपासणीला बोलावतात. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, मनपाचं कमला नेहरू अशा ठिकाणी. आणखी एक: तुमचे यजमान जुन्या करपद्धतीत असतील तर ८० डीडीची वजावट बघा. अपंगत्व ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्क्यांपासून सव्वा लाख. प्रत्यक्ष खर्च किती झाला हे विचारत नाहीत. नव्या करपद्धतीत मात्र ही नाही.

पेरूगेट :
सदाशिव पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडील ८८. सहा वर्षांत चार वेळा खाली उतरलेत, चारही वेळा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी धरून.

एक गंमत सांगतो. २०२४ च्या लोकसभेला ८५ च्या पुढच्यांना घरून मतदान होतं. १२-डी नावाचा फॉर्म भरला. ठरल्या दिवशी दोन निवडणूक अधिकारी, एक पोलीस आणि एक व्हिडिओ काढणारा असे चौघं तीन जिने चढून आले. सोबत पुठ्ठ्याचा आडोसा. वडिलांनी मत दिलं, लिफाफ्यात घातलं, पाणी दिलं ते न पिताच मंडळी पुढच्या घरी. इतकं नेटकं सरकारी काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरात विधानसभेला पुन्हा आले.

तेव्हा घरी येणं सरकारला जमत नाही असं कुणी म्हणू नये. जिना माहीत आहे त्यांना.

अर्धा_चहा :
पेरूगेट, हे पेपरला पाठवा.

सायलेन्सर :
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. स्वतःच्या सासूचं करायला सरकारने पैसे द्यावेत? उद्या मुलाला भरवायचे पण मागू. आमच्या आजीने आठ वर्षं पणजीचं केलं, अंथरुणावर. कुणाकडे पाच पैसे मागितले नाहीत. आपली संस्कृती काय, आपण अमेरिकेकडे बघून काय मागतोय!

शेवंती :
सायलेन्सर, राग नाही. तुमच्या आजीच्या घरात त्या वेळी माणसं किती होती हो? आमच्याकडे घरची माणसं दिवसा दोन: एक पडलेली, एक तिला उचलणारी. सासूबाई ६२ किलो, मी ५४ वर्षांची, मणक्यात एल-फोर एल-फाइव्हची गादी आधीच सरकलेली. संस्कृतीने वजन कमी होत असतं तर प्रश्न नव्हता.

आणि तुमच्या आजींना कुणी विचारलं होतं का, की त्यांना काय हवं होतं?

सायलेन्सर :
घरात अकरा माणसं होती. आजीला कुणी विचारलं नसावं. तरी माझा मुद्दा राहतोच: पैसे मिळायला लागले की लोक कागदावर म्हातारे सांभाळतील.

फ्रीमाँटकर :
शेवंती, तुमच्या जावेच्या आईची योजना म्हणजे आयएचएसएस. मी सासऱ्यांसाठी त्यातून गेलोय, म्हणून नीट सांगतो. इथे सगळं फुकट मिळतं असा जो समज पुण्यात आहे तो खोडायची ही संधी.

पहिलं म्हणजे, अमेरिकेत म्हाताऱ्यांना मिळणारं मेडिकेअर हे काम करत नाही. आंघोळ घालणं, भरवणं, उठवणं या रोजच्या दीर्घकाळच्या मदतीचे पैसे ते देत नाही. आयएचएसएस ही कॅलिफोर्नियाची, मेडिकॅलवर चालणारी योजना. मेडिकॅल कमी उत्पन्नवाल्यांसाठी आहे. मध्यमवर्गीय माणूस इथेही कोरडाच राहतो. दुसऱ्या राज्यात गेलात तर नियम दुसरे, आणि बऱ्याच राज्यांत अशा मदतीसाठी रांग आहे.

दुसरं, काउंटीचा सोशल वर्कर घरी येतो आणि प्रत्येक काम वेगळं बघतो. आंघोळ, कपडे, शौच, भरवणं, स्वयंपाक, धुणं. प्रत्येकाला आठवड्याचा वेळ लावतो, अक्षरशः मिनिटांत. सासरे अभिमानी. सोशल वर्करसमोर त्यांनी शर्टाची सगळी बटणं स्वतः लावून दाखवली, वीस मिनिटं लागली, घामाघूम झाले, आणि आमचे तास कमी झाले! सगळ्यात जास्त गरज असलेल्याला महिन्याला २८३ तासांपर्यंत मिळतात. आम्हाला त्याच्या आसपासही नाही.

तिसरं, माणूस कोण ठेवायचा हे पेशंट ठरवतो. ठेवणं, काढणं, काम सांगणं त्याच्याकडे, पगार सरकारकडून. नातेवाईक चालतो. पण बोटांचे ठसे, मागची गुन्हे-तपासणी, आणि दर पंधरवड्याला तासांचा हिशेब ऑनलाइन. सायलेन्सर यांच्या 'कागदावर सांभाळतील' या शंकेवर त्यांनी शोधलेलं उत्तर हे. गैरप्रकार होत नाहीत असं नाही, पण म्हणून योजना बंद केली नाही.

बायकोने दोन वर्षं केलं. पैसे बेताचेच. तिला काय आवडलं माहितेय? पगाराच्या चिठ्ठीवर तिचं नाव आणि पुढे तास लिहून यायचे. ती म्हणायची, पहिल्यांदाच कुणीतरी मोजलं.

खांदा_कोपर :
मी फिजिओ आहे, कोथरूड-वारजे भागात घरी जाते. योजनांचं काका बघतील, पण शेवंतीताई, आज रात्रीसाठी सांगते.

एकटीने ओढून वळवू नका. त्यांच्या खाली, खांद्यापासून मांडीपर्यंत, एक जाड सुती चादर दुमडून कायम ठेवा. वळवायचं तेव्हा पलीकडचा गुडघा आधी उभा करा, मग चादरीची पलीकडची कड धरून आपल्याकडे घ्या. पलंग तुमच्या कमरेइतका उंच करा, पायांखाली लाकडी ठोकळे चालतात. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ.

डावा हात धरून कधीही ओढू नका. लकवा झालेल्या बाजूचा खांदा सैल असतो, निखळतो. झोपवताना त्या हाताखाली उशी. दर दोन तासांनी कूस. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते, दुकानदार काहीही सांगो. माकडहाड, टाचा आणि खुबा रोज उजेडात बघा. लाल झालेली जागा बोटाने दाबून पांढरी होत नसेल तर ती शय्याव्रणाची सुरुवात. तिथे चोळायचं नाही. भरवताना बसवूनच, हनुवटी जराशी खाली, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

हे हॉस्पिटलातून सोडतानाच घरच्यांना करून दाखवायला हवं. डिस्चार्जच्या दिवशी मात्र सगळे बिलाच्या रांगेत.

शेवंती :
खांदा_कोपर, तुमचे हात कुठे आहेत, डोकं ठेवते. आम्ही सात महिने डाव्याच हाताला धरून उठवतोय.

दादाचा_भाऊ :
ज्येष्ठांचा धागा आहे, मी थोडा बाजूचा विषय आणतो. माझा मोठा भाऊ ३९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. वजन ४८ किलो. आई ७२ वर्षांची, वजन ४४. मी चाकणला शिफ्टमध्ये. दादा अठरा वर्षांचा होईपर्यंत शाळा होती, तिथे थेरपी होती, बाई होत्या, गॅदरिंग होतं. अठरा झाल्यावर निरोप समारंभ झाला आणि दादा घरी आला तो आलाच. एकवीस वर्षं होतील. त्याच्यासाठी जगाने जी काही व्यवस्था केली होती ती लहान मुलांची होती, आणि तो मोठा झाला ही जणू त्याचीच चूक.

गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे वजन उचलायचं नाही. आईने अगदी गंभीरपणे विचारलं, "किती किलोपर्यंत चालेल?"

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. मी पंधरा दिवस रजा टाकली, पुढचे पंधरा दिवस मावसभाऊ आला. आईला महिनाभर सुट्टी देईल, दादाला तेवढ्यापुरतं ठेवून घेईल अशी जागा आमच्या खिशाला परवडणारी सापडली नाही. एका ठिकाणी म्हणाले कायमचा ठेवत असाल तर बोला.

जे मिळालं ते सांगतो. निळं कार्ड आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विम्याची पॉलिसी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि तिच्यात ओपीडी व थेरपीचाही काही भाग बसतो, हे विशेष. पण ती फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच. राष्ट्रीय न्यासाच्याच १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून मी कायदेशीर पालकत्व घेतलं. हे खूप जणांना माहीत नसतं: मूल अठराचं झालं की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक अडवते तेव्हा कळतं. वडील सरकारी नोकरीत होते, त्यामुळे आईनंतर फॅमिली पेन्शन दादाला आयुष्यभर मिळेल, कागद आत्ताच करून ठेवलेत.

संजय गांधी नाही. माझा पगार मोजतात.

नाझर_निवृत्त :
दादाचा_भाऊ, तुम्ही सगळं बरोबर केलंत. तुमच्यासारखी केस असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३८ वापरून बघा. 'जास्त आधाराची गरज' आहे म्हणून स्वतः दिव्यांग व्यक्ती किंवा तिच्या वतीने कुणीही सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतं, मग तो मूल्यांकन मंडळाकडे जातो. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांगांचं स्वतंत्र खातंही आहे. लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. तोंडी नकारावर अपील होत नाही. हे मी टेबलाच्या पलीकडून शिकलोय; लोकांना तोंडी परत पाठवणं आम्हाला फार सोपं जायचं.

कोची_ते_कात्रज :
सौ. केरळची, त्यामुळे दोन्ही राज्यं बघितलीत. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना २०१० पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पूर्णवेळ करणाऱ्याला महिना ६०० रुपये. करणाऱ्याला, पेशंटला नव्हे. रक्कम हसण्यासारखी आहे आणि तीही थकते, तिथल्या पेपरात दर काही महिन्यांनी बातमी असते. पण सासऱ्यांच्या शेवटच्या वर्षात खरा उपयोग झाला तो पंचायतीच्या नर्सचा. गावातल्या पॅलिएटिव्हच्या, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करणाऱ्या काळजीच्या, यादीत नाव घातलं की ठरल्या दिवशी जीपमधून नर्स येते, कॅथेटर बदलते, जखम बघते. २००८ पासून त्यांचं तसं राज्याचं धोरणच आहे. जीप आली की शेजारच्या बायका पण येऊन बसायच्या, सासूबाईंचा तेवढाच वेळ जायचा.

तामिळनाडूनेही २०२१ मध्ये घरोघर औषधं आणि घरी फिजिओ-पॅलिएटिव्ह सेवा सुरू केली. म्हणजे फार लांब, समुद्रापलीकडे बघायची गरज नाही.

कॅन्सर असेल तर पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य काम करतंय, घरी पण येतात. सरकारी नाही, पण माहीत असावं.

अर्धा_चहा :
१४५६७ ला फोन करून काही होतं का? एल्डरलाइन.

पेरूगेट :
मी केला होता. बाई छान बोलल्या. माहिती देतात, मालमत्तेचा किंवा छळाचा मामला असेल तर मार्ग सांगतात, कुणी रस्त्यावर सोडलेलं आढळलं तर धावतात. घरी आया पाठवणं त्यांचं काम नाही. अवांतर: हयातीच्या दाखल्यासाठी वडिलांना बँकेत नेऊ नका, फोनवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं. बोटांचे ठसे झिजल्यामुळे आमचं तीन वर्षं अडत होतं.

मावशीची_लेक :
मी फक्त वाचायला येते इथे, आज लिहिते. माझी आई तुमच्या कोथरूड-कर्वेनगरमध्ये 'मावशी' आहे. अकरा वर्षं. आम्ही जनता वसाहतीत राहतो, वरच्या अंगाला. सकाळी सहाला खाली उतरते, रात्री साडेनऊला वर चढते. तिचे गुडघे गेलेत.

१९ हजार देता असं लिहिलंय. आईच्या हातात किती येतात ते विचारा कधी. आईचा ब्युरो पहिल्या महिन्यातले अर्धे ठेवतो, मग दर महिन्याला कापतो. सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे जातात आणि वर ब्युरोवाला बदली पाठवली म्हणून बोलतो. आजी वारल्या की आईचं काम त्याच दिवशी संपतं. तीन वर्षं जिचं केलं तिच्या तेराव्याला आई गेली होती, तिथे तिला स्वयंपाकघरात बसवलं.

"मावशी टिकत नाही" असं सगळे म्हणतात. ६२ किलोचं माणूस तुम्हाला दोन वाजता एकदा उचलताना उसण भरली. आई ते दिवसातून आठ वेळा करते, चादर-गुडघा असलं तिला कुणी शिकवलेलं नाही. मी फिजिओताईंचं वरचं सगळं तिला वाचून दाखवलं. म्हणाली, हे अकरा वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं.

सरकारने पैसे द्यायचेच असतील तर आधी हे काम म्हणून लिहा. आईला कुणी विचारलं काय करता, तर ती 'घरकाम' सांगते. नर्स नाही, मोलकरीण नाही, मधलंच काहीतरी. माझी आजी, म्हणजे आईची आई, गावाला एकटी आहे. तिचं करायला कोण आहे ते विचारू नका.

शेवंती :
मावशीची_लेक, दोन दिवस उत्तर लिहून खोडतेय.

आमच्या मावशींना विचारलं. १९ मधले १४ त्यांच्या हातात येतात. सात महिन्यांत त्यांनी चार सुट्ट्या घेतल्या, चारही मी कुरकुरत दिल्या, हे खरं आहे. रविवार आता त्यांचा. नवऱ्याला सांगितलं, रविवारी तुझी आई, तुझी ड्यूटी. पहिल्या रविवारी त्याने सकाळी नऊला मला तीन हाका मारल्या. दुसऱ्या रविवारी एक.

सायलेन्सर :
मावशीची_लेक यांचं वाचून गप्प बसलो होतो. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. घरच्यांना पगार द्यावा हे अजून पटत नाही. पण ज्या बाहेरच्या बाया हे करतात त्यांचं शिक्षण आणि विमा सरकारने बघावा, याला माझी हरकत नाही. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे ना, त्यात या बसतात का?

मावशीची_लेक :
नोंदणी केली होती आईने. पुढे नूतनीकरण राहिलं. त्यासाठी कामावर सुट्टी लागते.

नागोया_रिटर्न :
थोडी उलटी माहिती. जपानात २००० सालापासून काळजी विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकाचा हप्ता कापतात, गरज लागली की पातळी ठरवतात, आणि एक केस मॅनेजर आठवड्याचं वेळापत्रक लावून देतो: सोमवारी आंघोळ घालणारे, बुधवारी दिवसभराचं केंद्र. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. पण तिथे घरच्यांना रोख पैसे देत नाहीत, सेवाच देतात. कारण रोख दिली की सून घरातच अडकते, असा वाद तिथल्या बायकांनी तेव्हा घातला होता. सायलेन्सर आणि शेवंती, दोघांच्या बाजूने घ्या.

शेवंती :
हे मला माहीत नव्हतं, आणि गेले दोन दिवस मी यावरच विचार करतेय. मला ६०० किंवा अडीच हजार महिना मिळाले तर नवरा म्हणणार का, "आता तर तुला मिळतात"? म्हणेल कदाचित. मला आठवड्यातून दोन दुपारी चार-चार तास कुणी शिकलेलं माणूस यावं, आणि मी लक्ष्मी रोडला जाऊन एक ब्लाउजपीस घेऊन यावं, एवढंच हवंय. पैसे त्या माणसाला द्या.

शेवंती :
(महिन्याभराने) बरेच जण विचारत होते म्हणून लिहितेय.

१. युडीआयडीचा अर्ज केला. तपासणीला न्यायचं म्हणजे गाडी, दोन माणसं, व्हीलचेअर, अर्धा दिवस. मावशी स्वतःहून आल्या. कागदपत्रांत एक रिपोर्ट कमी निघाला, पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला काम झालं. ७० टक्के, पिवळं कार्ड येईल.

२. आमच्या भागातल्या मनपाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरनी सांगितलं की वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी आता केंद्राच्या बारा सेवांच्या यादीत आहे, नाव लिहून घेते. मी विशेष आशा धरली नव्हती. अकराव्या दिवशी त्या आल्या! बीपी, साखर, माकडहाड बघितलं. टाचेपाशी लाल झालेलं मला दिसलं नव्हतं, त्यांना दिसलं. परत कधी येणार विचारलं तर म्हणाल्या, माझ्याकडे लसीकरण आहे, गरोदर बायका आहेत, सर्व्हे आहे, जमेल तशी येते. खोटं आश्वासन दिलं नाही, बरं वाटलं.

३. काळजीवाहक भत्त्याबद्दल अर्ज दिला, कलमासकट. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, असा भत्ता नाही. म्हटलं, तेच लेखी द्या. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. पोच घेतली, काका, शिक्क्यासकट. दादाचा_भाऊ यांचाही अर्ज त्याच आठवड्यात गेलाय. उत्तर दोघांनाही नाही.

४. पलंगाखाली ठोकळे लावलेत. चादर मावशींना जमते, मला अजून गुडघा उभा करायचं विसरायला होतं. सासूबाईच आठवण करतात, "गुडघा, गुडघा."

टाचेसाठी आता हवेची गादी घ्यायची आहे. जुनी चालेल. कुणाकडे आहे का?

नाझर_निवृत्त :
तीस दिवस झाले की माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारा. मजकूर मी लिहून देतो.

पेरूगेट :
आमच्याकडे हवेची गादी आहे. वडील तिच्यावर झोपत नाहीत, पंपाचा आवाज येतो म्हणतात. पंप चालू आहे, एक नळी बदलावी लागेल, दुकानात मिळते. पैसे नकोत. फक्त तिसरा मजला आहे.

शेवंती :
रविवारी येते. रविवारी मी मोकळी असते.

पेरूगेट :
बोळात चारचाकी येत नाही. घडी करून दुचाकीवर पायाशी मावते. येताना एक दोरी आणा.